फ्रीमाँट स्ट्रीटचा पत्तेबहाद्दर

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, ऐन वाळवंटात लास व्हेगास वसले आहे. १९३१ साली या राज्याने जुगाराला कायद्याने मान्यता दिली आणि या शहराचे नशीबच पालटले. इथे विमानतळावरसुद्धा प्रवाशांच्या स्वागताला जुगाराची यंत्रे उभी असतात. बहुतेक पर्यटक ‘स्ट्रिप’ या झगमगत्या रस्त्यावरची अवाढव्य हॉटेले पाहून परततात. पत्त्यांच्या शौकिनांची पावले मात्र जुन्या गावातल्या फ्रीमाँट स्ट्रीटकडे वळतात.

या रस्त्यावर १९९५ साली सुमारे ९० फूट उंचीचे कमानदार छत घालण्यात आले. रात्री छतावर दिव्यांची चित्रे धावू लागली की खालची गर्दी माना वर करून पाहत राहते. याच छताच्या कडेला बिनियन्स हा जुना कॅसिनो आहे. टेक्सासहून आलेल्या बेनी बिनियन यांनी १९५१ साली तो ‘हॉर्सशू’ या नावाने सुरू केला आणि १९७० पासून तेथे पोकरची जागतिक स्पर्धा भरवली. गंमत म्हणजे पहिल्या वर्षीचे विजेते जॉनी मॉस यांना खेळाडूंनी चक्क मते देऊन निवडले होते!

या स्पर्धेच्या मुख्य खेळात प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते येतात आणि टेबलावर सर्वांसाठी पाच मांडले जातात. त्यांतून उत्तम पाच पत्ते जुळवायचे. पण हाती काहीच नसताना शांत चेहऱ्याने मोठी रक्कम लावून समोरच्याला पत्ते टाकायला लावण्यातच खरे कसब आहे. आपल्याकडे दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

या कसबात स्टू अंगरचा हात धरणारा क्वचितच कोणी असेल. १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा किरकोळ अंगाचा मुलगा आधी जिन रमीत तरबेज झाला. रमीच्याच कुळातल्या या खेळात तो इतका पुढे गेला की त्याच्याशी पैसे लावून खेळायला कोणी तयार होईना. मग तो पोकरकडे वळला आणि १९८० साली, अवघ्या २६व्या वर्षी जगज्जेता झाला. १९८१ साली त्याने पुन्हा तोच मान मिळवला. जाणकार त्याला ‘द किड’, म्हणजे पोरगा, म्हणत.

समोरच्याच्या हातातले पत्ते ओळखणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र आवरता आले नाही. पोकरमध्ये मिळवलेला पैसा घोड्यांच्या शर्यतींत आणि खेळांवरच्या पैजांत जाई. उरलेला कोकेन गिळून टाकी. १९९० च्या स्पर्धेत तो आघाडीवर असताना तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडला. त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोरची रक्कम डावागणिक घटत गेली, तरी तो नववा आला!

१९९७ साली प्रवेशशुल्काचे दहा हजार डॉलर्सही त्याच्यापाशी नव्हते. बिली बॅक्स्टर या मित्राने ते भरले. त्या वर्षी ३१२ स्पर्धक होते आणि अंतिम फेरी कॅसिनोबाहेर, याच छताखाली भर रस्त्यावर झाली. निळ्या काचांचा गोल चष्मा घातलेल्या अंगरने ती जिंकली. दहा लाख डॉलर्सच्या बक्षिसातला निम्मा वाटा बॅक्स्टरला मिळाला. उरलेला अंगरपाशी वर्षभरही टिकला नाही.

पुढच्या वर्षी बॅक्स्टर पुन्हा पैसे भरायला तयार होता, पण अंगर खेळायला उतरलाच नाही. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी लास व्हेगासमधल्याच एका साध्या मोटेलमध्ये तो मृतावस्थेत आढळला. वर्षानुवर्षांच्या व्यसनाने त्याचे हृदय पोखरले होते. वय होते ४५.

२००१ साली पोकरच्या मानकऱ्यांत त्याची गणना झाली. २००५ नंतर स्पर्धा इथून हलली. आता ती स्ट्रिपवर भरते. प्रत्यक्ष डाव खेळून तीनदा ती जिंकणारा अंगर आजही एकटाच आहे. व्हेगासला गेलात तर छतावरचे दिवे पाहून झाल्यावर क्षणभर खालच्या फरसबंदीकडेही पाहा. त्याचा शेवटचा मोठा डाव इथेच रंगला होता.