दादरीचा हिशेब

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात पांझरा नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यांच्या पाण्यावर तीन-चारशे वर्षं फड पद्धत चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड असत आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. उसाचा फड कोणता, ज्वारी-गव्हाचा कोणता, हे गाव नदीतलं पाणी बघून ठरवी. पाटकरी पाणी देई, जागल्या पीक राखी. पाणी कमी पडलं की एखादा फड पडीत राही. बहुतेकांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असल्याने झळ सगळ्यांनाच सारखी बसे. पुढे नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी वाढल्या आणि ही शिस्त बहुतेक ठिकाणी मोडली.

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे मात्र काय लावायचं ते पाणी नव्हे, भाव ठरवतो. 1990च्या दशकात जैन इरिगेशनने ग्रँड नैन या केळीच्या जातीची ऊतिसंवर्धित रोपं आणली, जोडीला ठिबक दिलं. जुनी बसराई दीड वर्ष घेई, ही केळी वर्षभरात कापणीला येते. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. या केळीने घरं बांधली, पोरं शिकवली, आणि त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण ठिबकने वाचलेलं पाणी जमिनीत कुठे राहिलं? त्यावर आणखी बागा लागल्या, आणि भूजलाच्या अतिउपशात हे दोन्ही तालुके पुढे गेले. विकासाच्या आकड्यात केळीचा ट्रक जमेला धरतात. आटलेल्या विहिरीशेजारी मारलेली खोल बोअरसुद्धा जमेलाच, कारण तिच्यासाठी पैसे मोजलेले असतात.

दादरीचं, म्हणजे इकडच्या रब्बी ज्वारीचं, मात्र उलटं. काळ्या जमिनीतल्या नुसत्या ओलीवर ती येते. दाणा घरात, कडबा गोठ्यात. विकत फारसं काही घ्यावं लागत नाही, विकलंही थोडंच जातं, म्हणून विकासदराला ती जवळपास दिसत नाही. जे दिसत नाही त्याला ना कर्ज सहज मिळतं, ना संशोधनाचा पैसा. तिच्या जागी कापूस आला. त्याच्या पऱ्हाट्या चुलीत जातात, कडबा बाहेरून आणावा लागतो. दादर-उडदाच्या कळण्याची भाकरी महामार्गावरच्या हॉटेलात खास पदार्थ म्हणून मिळते, तेव्हा कुठे ती मोजली जाते. ज्यांच्या रानात दादर पिकायची, त्यांच्या घरी रेशनचा गहू-तांदूळ येतो.

खान्देशातल्या शाळांमध्ये दुपारी तांदळाची खिचडी शिजते. आठवड्यातून दोन दिवस तरी तिथे इथल्याच दादरीची भाकरी का देऊ नये? सरकारने पेरणीआधी खरेदीची हमी दिली, तर कोरडवाहू शेतकरी दादर पेरायला आजही तयार होईल, असं मला मनापासून वाटतं.