बाइंडिंग

निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून रात्र जागवणाऱ्या आमच्या जिल्ह्याला थंडी चांगली ठाऊक आहे, बर्फ मात्र नाही. स्कीइंग शिकायचं तर नाशिककराने गुलमर्ग किंवा औली गाठायचं, नाहीतर सरळ दुबई. तिथल्या मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये २००५ पासून ‘स्की दुबई’ आहे. बाहेर वाळवंट, आत शून्याखालचं तापमान आणि सर्वांत लांब उतार ४०० मीटरचा. तिथल्या शिकाऊ उतारावर माझा जीव जडला तो स्कीवर बसवलेल्या एका वीतभर यंत्रावर. बूट आणि स्की यांना जोडणारं हे बाइंडिंग.

पुढे जबडा, मागे टाचेची खिट्टी, बाजूंना दोन दांड्या, एवढाच त्याचा देह. स्वभाव मात्र काटेकोर. चवडा आधी जबड्यात सरकवायचा, मग टाच जोर लावून दाबायची. ‘खट्ट’ झालं की त्याने तुम्हाला पत्करलं. बुटाच्या तळाला बर्फाचा थर चिकटलेला असेल तर ते पायाला दाद देत नाही. तळ खरवडून साफ करून यावं लागतं. मला ही शिस्त फार आवडली.

पण त्याचा खरा मोठेपणा पकडण्यात नाही, सोडण्यात आहे. पडताना पाय पिळला गेला तर पुढचा जबडा बाजूला उघडतो. माणूस पुढे कोसळला तर टाच वर सुटते. घरातला फ्यूज उडून वायरिंग वाचवतो, तसं हे सुटून नडगीचं हाड वाचवतं. आणि सुटल्यावरही ते जबाबदारी टाकत नाही. त्याच क्षणी बाजूच्या दांड्या खाली येऊन बर्फात रुततात, म्हणजे मोकळी स्की घरंगळत खालच्या माणसावर जात नाही.

एके काळी पाय स्कीला घट्ट जखडलेला असे आणि पडलं की हाड मोडे. यालमार व्हाम हा मूळचा नॉर्वेचा, अमेरिकेत स्थायिक झालेला स्कीपटू. १९३७ साली माउंट हूडवर त्याचा पाय मोडला आणि रुग्णालयातच त्याने सुटणाऱ्या बाइंडिंगचा आराखडा काढला. पुढे अशा बाइंडिंगमुळे नडगी मोडण्याचं प्रमाण खूप घटलं. गुडघ्याच्या अस्थिबंधांना मात्र ते तेवढं वाचवू शकत नाही. ही त्याची मर्यादा शिकणाऱ्याने लक्षात ठेवावी.

ते कधी सुटेल, हे एका छोट्या खिडकीतल्या आकड्यावर ठरतं. साहित्य देणारा माणूस तुमचं वजन, उंची, वय विचारतो, बुटाच्या तळाची लांबी बघतो, स्कीइंग कितपत येतं ते विचारतो आणि स्क्रूड्रायव्हरने तो आकडा लावतो. आकडा कमी लागला तर बाइंडिंग चालत्या वळणावर उगाच सुटेल. जास्त लागला तर पडतानाही धरून ठेवेल. नवशिक्यासाठी तो मुद्दाम कमी ठेवतात.

म्हणून जाल तेव्हा त्या काउंटरवर लाजू नका. वजन आहे तेवढंच सांगा, आणि पहिल्यांदाच आला असाल तर ‘पहिल्यांदाच आलोय’ असं स्वच्छ सांगा.