उरलेला सिनेमा

येशू ख्रिस्तावरचा पहिला सिनेमा मी अर्धाच पाहिला. खेड तालुक्यातल्या आमच्या गावी शाळेच्या मैदानात पांढरी चादर बांधून ‘दयासागर’ दाखवला होता. १९७८ सालच्या ‘करुणामयुडु’ या तेलुगू चित्रपटाची ती हिंदी आवृत्ती. प्रोजेक्टर घेऊन गावोगाव फिरणारी मंडळी तो दाखवत. फुकटचा सिनेमा, म्हणून आख्खी वाडी लोटली होती. मी पुढे मातीत बसून तोंड उघडं टाकून बघत होतो. तेवढ्यात बाबांनी दंडाला धरून उठवलं. वाटेत एवढंच म्हणाले, “पैगंबरांचं सोंग कुणी घ्यायचं नसतं, आणि घेतलं तर आपण बघायचं नसतं.” मागून लाउडस्पीकरचा आवाज घरापर्यंत येत राहिला. पुढे काय झालं ते कळलं नाही.

उरलेला सिनेमा मी वीसेक वर्षांनी देरात पाहिला. तो कसा, ते सांगतो.

साल २००४. नाइफ भागातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही सहा बॅचलर राहत होतो. बॅचलर म्हणजे काय, बायका-मुलं गावी आणि आम्ही इथे! त्यात एक वसईचा. आम्ही त्याला वसईकरच म्हणायचो. धर्माने कॅथलिक आणि मराठी आम्हा सगळ्यांपेक्षा शुद्ध. तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे त्याची रविवारची प्रार्थनाही बहुधा शुक्रवारीच उरकायची. सकाळी तो खाडीपलीकडे सेंट मेरी चर्चला जायचा, दुपारी मी जुम्म्याच्या नमाजला. परत आलो की दोघं मिळून माशाचं कालवण करायचो. कोकम त्याचं की माझं, यावरून रोज वाद. त्याहून मोठा वाद आमच्यात कधी झाला नव्हता.

त्या वर्षी २५ फेब्रुवारीला, ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, अमेरिकेत मेल गिब्सनचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ लागला. येशूचे शेवटचे बारा तास, तेही अरमाईक, लॅटिन आणि हिब्रू भाषांत. इथे तो कधी येणार याची चर्चा सुरू होती. एका रात्री जेवताना वसईकर मोठ्या उत्साहाने त्याबद्दल सांगत होता. मी घास चावता चावता म्हणालो, “पण त्याला क्रूसावर चढवलंच नव्हतं. आमच्या कुराणात स्पष्ट आहे.”

मी बोललो ते माझ्या श्रद्धेप्रमाणे खरंच होतं. ईसा अलैहिस्सलाम यांना आम्ही थोर पैगंबर मानतो, पण त्यांना सुळावर दिलं गेलं नाही, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतलं, असं आम्ही मानतो. पण मी ते अशा सुरात बोललो, की कुणी क्रिकेटचा स्कोअर चुकीचा सांगावा आणि आपण दुरुस्त करावा. बाकीचे हसले. वसईकर काही बोलला नाही. ताट उचलून बाल्कनीत गेला.

दोन-तीन आठवडे आमचं बोलणं ‘गॅस बंद केलास का’ इतकंच. शुक्रवारचं कालवणही बंद पडलं. माफी मागावी, तर कशाची मागणार? खरं मानतो ते बोललो याची? मला काही सुचेना.

मग सिनेमा इथे लागला. शेजारच्या काही देशांत त्याला बंदी होती, आपल्याकडे परवानगी मिळाली. एका गुरुवारी वसईकर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “देरा सिटी सेंटरची दोन तिकिटं आहेत. येतोस?”

“मी?”

“तूच ना म्हणालास, असं झालंच नाही? आम्ही काय मानतो ते एकदा बघ तरी.”

खरं सांगतो, मी घाबरलो. मला बाबांचा दंडाला धरलेला हात आठवला. मुस्तफा अक्कादचा १९७६ चा ‘द मेसेज’ मी व्हिडिओवर पाहिला होता. त्यात आमच्या पैगंबरांचा चेहरा तर सोडाच, आवाजही नाही. इथे तर साक्षात ईसांना एक नट उभा करणार! पण त्या दिवशी ‘नाही’ म्हटलं असतं, तर मैत्री कायमची गेली असती. गेलो.

हॉल भरलेला होता. फिलिपिनो होते, मल्याळी होते आणि अरबही बरेच होते. ज्यूंना वाईट दाखवलंय असं ऐकून काही जण मुद्दाम आले होते. इंटरव्हलमध्ये त्यांचं बोलणं कानावर पडलं, ते मला आवडलं नाही. सिनेमाही मला सगळाच आवडला असं नाही. चाबकाचे फटके संपता संपत नाहीत, मी कितीतरी वेळ खाली मान घालून बसलो होतो. नटाकडे बघताना ‘हे ते नव्हेत’ असं मनात घोकत होतो.

पण मरियमसमोर ते घोकणं चालेना.

मरियम आमच्या घरातली. कुराणात नावाने उल्लेख असलेली ती एकमेव स्त्री, तिच्या नावाची अख्खी सूरह आहे. वहिनीला दिवस गेले, तेव्हा आई रोज पहाटे तिच्याजवळ बसून सूरह मरियम पढायची. खजुराच्या झाडाला टेकून एकटीने कळा सोसणारी मरियम मी आईच्या तोंडून ऐकली होती. सिनेमात क्रूस वाहणारा मुलगा कोसळतो, आणि तिला तो लहान असताना धावताना पडलेला आठवतो. तेव्हा ती धावत गेली होती, आताही ती गर्दीतून तशीच धावते. मी इथे आणि माझा तीन वर्षांचा मुलगा खेडला. तो पडला की कोण धावत असेल? मला रडू आवरलं नाही.

नंतर वाचलं, की मरियमचं काम करणारी माया मॉर्गनस्टर्न ही रुमानियातली ज्यू अभिनेत्री. ख्रिस्ती माणसाच्या सिनेमात एका ज्यू बाईने मला मुसलमानाला रडवलं. ज्यूंविरुद्धचा सिनेमा म्हणून आलेल्यांनीही तिच्याकडेच बघून डोळे पुसले असतील.

बाहेर आल्यावर बराच वेळ दोघंही गप्प चाललो होतो. मग त्याने विचारलं, “रडलास?”

“हो.”

“मग?”

“मग काही नाही. मी मानतो ते अजूनही मानतो. पण त्या रात्री जेवताना तसं बोलायला नको होतं.”

तो मान हलवून म्हणाला, “चल, भूक लागलीय.” शोरमाच्या दुकानापाशी मी दोन सांगणार, तेवढ्यात त्याने घड्याळ दाखवलं. बारा वाजून गेले होते. शुक्रवार लागला, त्याला मांस वर्ज्य. मग दोघांनी फलाफल खाल्लं. दुपारी कालवण झालं. कोकम माझं होतं.

वसईकर पुढे गावी परतला. २०१७ साली अबू धाबीतल्या मुश्रिफ भागातल्या मशिदीला ‘मरियम, उम्म ईसा’ म्हणजे ‘ईसाची आई मरियम’ असं नवं नाव दिलं गेलं. जवळच कॅथलिकांचं सेंट जोसेफ कॅथेड्रल आहे. मी त्याला लगेच फोन केला. म्हणाला, “एकदा दाखव.” अजून जमलेलं नाही.

एक सांगायचं राहिलं. त्याच वर्षी सुट्टीवर गेलो, तेव्हा ओटीवर बसून बाबांना सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग विचारलं, “आणि मरियम बीबी? तिचं काय दाखवलंय?”

“शेवटपर्यंत तिथेच होती,” मी म्हणालो.

“असणारच,” बाबा म्हणाले.