२८ हजारांचा डबा आणि आठ वेळा वाजवलेली रेकॉर्ड

आजची नोंद संत्र्यावर नाही. मृग बहराचा ताण चालू आहे, विहीरगावच्या बाजूच्या वावरात पाणी बंद आहे, त्यामुळे मे महिन्यात संध्याकाळी जरा हात रिकामे असतात. तेवढ्या वेळात घरात एक चाचणी घेतली. चाचणी गाण्याच्या मशीनची, पण पद्धत आपलीच, म्हणून इथं लिहून ठेवतो. कृषी सहायक मित्रांनी आणि विद्यापीठातल्या मंडळींनी चुका काढाव्या.

विषय असा. आमच्या बाबांकडं जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. वय ७८. वसंतराव देशपांड्यांच्या नाट्यगीतांची एलपी त्यांच्या जिवाची. (वसंतराव जन्मले मूर्तिजापुरात, पण गाणं शिकले नागपुरात, शंकरराव सप्र्यांकडे. त्यामुळं बाबा त्यांना हुडकेश्वरचेच समजतात, मी कशाला अडवू.) तर हिवाळ्यापासून बाबांचं एकच चालू, "काहून रे, हे घूं घूं काहून येते? मजा नाही राहिली आता." दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, मशीन चांगली आहे, तुम्ही वेगळा पॉवर सप्लाय लावा, सगळं साफ होईल. किंमत २८ हजार. आठ दिवस घरी नेऊन पाहा म्हणाला, हे मात्र त्याचं चांगलं.

२८ हजार म्हणजे माझ्या बागेचा एका बहराचा फवारणीचा खर्च. बाबांसाठी खर्च करायला हात आखडता घेत नाही, पण ज्या दुखण्यासाठी घ्यायचं त्याच दुखण्यावर ते औषध आहे का, हे पाहिल्याशिवाय मी झिंकसुद्धा टाकत नाही.

आधी हा डबा करतो काय ते सांगतो. रेकॉर्डच्या सुईतून निघणारा सिग्नल फार बारीक असतो, साधारण ५ मिलिव्होल्ट. तो वाढवायला मध्ये एक छोटी पेटी लागते, फोनो प्री-अँप. ती साधारण शंभर पट वाढवते. पण रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करून कापलेला असतो, नाहीतर खोबणी रुंद होऊन एका बाजूला गाणी कमी बसतील. म्हणून वाजवताना तोच खर्ज परत वाढवावा लागतो. हे वाढवायचं माप १९५४ पासून ठरलेलं आहे. त्या मापानं ५० हर्ट्झला साधारण सात पट जास्त वाढ मिळते. आणि आपली लाईन कितीची? ५० हर्ट्झचीच. म्हणजे तारेतली घूं जिथं शिरते, नेमकं तिथंच ही पेटी खूप जोरात ओरडते. शंभर गुणिले सात. म्हणून रेकॉर्ड प्लेअरवर घूं ऐकू येते आणि मोबाईलचं गाणं लावलं की येत नाही.

या प्री-अँपला १२ व्होल्ट लागतात. कंपनी सोबत हलका प्लॅस्टिकचा अडॅप्टर देते. त्याच्या जागी लावायचा तो २८ हजारांचा डबा: आत मोठा ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, रेग्युलेटर. थापेबाजी नाही ती. इंग्लंडात सॉल्सबरीची नेम ऑडिओ कंपनी कित्येक दशकं वेगळे पॉवर सप्लाय विकते आहे, आणि तिथले इंजिनिअर काही वेडे नाहीत. करंट स्वच्छ असेल तर आवाज स्वच्छ, हे तत्त्व खरंच आहे. प्रश्न इतकाच, की माझ्या घरातली घूं त्या अडॅप्टरमधून येते का?

हे फुकटात कळतं. आपल्या बॅटरीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्टची बॅटरी असते. बॅटरीइतका स्वच्छ करंट कोणताच डबा देत नाही. पंपाची बॅटरी काढली, मध्ये एक फ्यूज घातला, प्लस-मायनस दोनदा तपासलं आणि प्री-अँपला लावली. (तुमच्या पेटीवर १२ व्होल्ट डीसी लिहिलेलं असेल तरच हे करा. काहींना १८ किंवा २४ लागतात, काहींना एसी. उलटी तार लागली तर पेटी गेली.) घूं जशीच्या तशी. सुईचा दांडा स्टँडवर, रेकॉर्ड फिरत नाही, करंट बॅटरीचा, तरी घूं. म्हणजे अडॅप्टर निर्दोष सुटला.

मग शोध घेतला. प्री-अँपची पेटी अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवलेली होती, नेमकी त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या वर. हातभर बाजूला सरकवली, अर्ध्याहून जास्त घूं गेली. प्लेअरमधून एक बारीक अर्थिंगची तार येते, ती प्री-अँपच्या स्क्रूला कसतात. तिचं टोक हिरवं पडलं होतं. पॉलिश पेपरनं घासलं, कसलं, अजून कमी. उरलेली गेली ती टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सची ऑडिओ वायर अॅम्प्लिफायरमधून काढल्यावर. छताच्या छत्रीला एक अर्थ, भिंतीच्या प्लगला दुसरी अर्थ, दोघांच्या मधून करंट फिरत होता. टीव्हीचा आवाज आता टीव्हीतूनच येतो. खर्च पॉलिश पेपरचा.

इथं एक सांगून ठेवतो, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. घूं घालवायला काही मिस्त्री प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तोडतात. घूं जाते, खरं आहे. पण बॉडीत करंट उतरला तर जायला वाट राहत नाही, मग तो माणसातून जातो. मोटरीच्या स्टार्टरला आपण जे करत नाही ते घरात लेकरांच्या हाताखाली करू नका. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, दोन बादल्या पाणी टाकत राहा.

आता डबा तर घरात आलाच होता. दुकानदाराचं म्हणणं, घूं वेगळी, पण डब्यानं "आवाज खुलतो". बरं, पाहू. आपल्यापैकी ज्यांनी कृषी पदवी केली त्यांना रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन पाठ असेल. ते ज्या रोनाल्ड फिशरचं, तो इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात होता. तिथल्या एक बाई म्हणाल्या, चहात दूध आधी टाकलं की नंतर हे मी चवीवरून ओळखते. फिशरनं आठ कपांची चाचणी आखली, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्यांवर. सगळे आठ नुसत्या नशिबानं बरोबर यायची शक्यता ७० मध्ये १. १९३५ च्या त्याच्या पुस्तकात ही चाचणी आहे. चहाच्या जागी मी डबा घेतला.

बायको चादरीच्या आड बसली. गडूत आठ चिठ्ठ्या, चार डब्याच्या, चार अडॅप्टरच्या. दरवेळी ती पिन काढून परत घाले, बदलायची नसली तरी, म्हणजे खुटखुटीवरून ओळखता येऊ नये. आवाज एकाच खुणेवर. गाण्याचा तोच एक मिनिट. नोंद बियाण्याच्या बिलामागे.

निकाल: बाबा ८ पैकी ४. मी ८ पैकी ४. पोरगी, वय १४, कान तिखट, ८ पैकी ६. ती उड्या मारायला लागली. तिला सांगितलं, सहा किंवा जास्त नुसत्या नशिबानं यायची शक्यता ७० मध्ये १७, म्हणजे चारातून एकदा होतंच. रात्री साडेअकराला परत घेतलं, तिचे ४ आले. खरं सांगायचं तर रेकॉर्डवरची कुरकुर या सगळ्या फरकापेक्षा कितीतरी मोठी आहे.

पण एका ठिकाणी फरक सापडला. आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं. लेआऊट वाढले, एसी वाढले, त्यात पंप. मीटरवर रात्री २३४ दिसलं होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला १८८. तेव्हा चाचणी घेतली तर पोरीचे आठपैकी आठ बरोबर. आणि मलाही कळलं. डबा गुरगुरत होता! अडॅप्टर शांत. कारण साधं आहे. त्या फालतू दिसणाऱ्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याला १८८ चं काही वाटत नाही. डब्यातला ट्रान्सफॉर्मर २३० धरून गुंडाळलेला. वरून कमी आलं की आतून कमी निघतं, रेग्युलेटरला १२ द्यायला वर दोन-अडीच व्होल्ट शिल्लक लागतात, ते उरत नाहीत, आणि लाईनची लहर तशीच पुढं जाते. सगळे डबे असेच असतील असं नाही, ज्यात राखीव जास्त ठेवलेलं असेल तो टिकेल. पण घेण्याआधी संध्याकाळच्या व्होल्टेजवर वाजवून पाहा, दुकानातल्या नाही, स्वतःच्या घरातल्या. दुकानात स्टॅबिलायझर असतो.

मग हा डबा कोणाच्या कामाचा? ज्याच्याकडं बॅटरी लावल्यावर आवाज सुधारतो, त्याच्या. तसं झालं तर अडॅप्टर खरंच खराब आहे. पण तेव्हाही आधी दुसरा चांगला अडॅप्टर लावून पाहा. त्यानं भागलं नाही तर डबा, आणि तोही लाईन बरी असेल तर. ज्याची सुई घासली आहे, त्यानं तर डब्याचं नावच काढू नये. सुईचं आयुष्य साधारण ५०० ते १००० तास धरतात, आमची किती चालली याचा हिशोब कोणीच ठेवलेला नाही. ती बदलली. त्याचा फरक चादरीशिवाय कळला.

डबा सातव्या दिवशी परत दिला. दुकानदार नाराज झाला नाही, बिलामागचा तक्ता मात्र त्यानं बराच वेळ पाहिला.

आणि बाबा. घूं गेली, सुई नवी, तरी परवा रेकॉर्ड लावली तर म्हणाले, "सूर येते, पण शब्द नाही समजत मले." हे वाक्य मी हिवाळ्यापासून ऐकतो आहे, प्रत्येक वेळी घूंच्या खात्यावर टाकत होतो, कारण घूं तेव्हा होतीच. वय झालं की कानातून बारीक, उंच आवाज आधी जातात. स, श, त, फ ही अक्षरं त्यातच राहतात. खर्ज शेवटपर्यंत टिकतो. म्हणून त्यांना घूं आमच्यापेक्षा जास्त टोचत होती आणि शब्द निसटत होते, दोन्ही एकाच वेळी.

कानाच्या तपासणीची वेळ घेतली आहे, मंगळवारची. २८ हजार तसेच ठेवले आहेत, मशीन लागलं तर लागेल. बाबा म्हणतात, "मी नाही लावणार कानात ते बोंडूक." पोरीनं त्यांना सांगितलं, आजोबा, आठ चिठ्ठ्या टाकून पाहू, चार वेळा लावून, चार वेळा न लावता. त्यावर ते हसले, हो म्हणाले नाहीत.