नुसता कॉल

पत्त्यांत मला मेंढीकोट आणि बदामसात यांपलीकडे गती नाही. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत सॅन होजेला भाच्याकडे गेलो असता, शनिवारी रात्री त्याच्या घरी लिमिट होल्डेम पोकरचा डाव मांडला गेला तेव्हा मी चहाचा कप घेऊन दूर बसलो होतो. पण चौथा भिडू हवा होता. "मामा, ये ना! पंचवीस सेंटांचा तर खेळ!" म्हणून त्याने मला ओढलेच.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाच्या हाती दोन पाने. मध्ये सर्वांसाठी पाच, ती आधी तीन, मग एक, मग आणखी एक अशी उघडायची. प्रत्येक टप्प्याला पैसे लावायचे. दुसऱ्याने लावले तेवढेच लावणे म्हणजे कॉल, वाढवणे म्हणजे रेझ. लिमिटमध्ये रक्कम ठरलेली, तेव्हा वाटेल तेवढे पैसे पुढे लोटून कुणाला घाबरवण्याची सोय नाही.

माझ्या हाती बदामाचा एक्का आणि सत्ती आली. मधल्या तिनांत आणखी दोन बदाम. मी शहाण्यासारखा दर वेळी नुसता कॉल करीत राहिलो. शेवटचे पान बदामाचे पडले आणि मी चक्क जिंकलो!

"मामा, जिंकलास, पण खेळलास चूक," भाचा म्हणाला. "चार बदाम तुझे, उरले नऊ, आणि पाने यायची दोन. शंभरात सुमारे 35 वेळा बदाम पडणार. समोर आम्ही तिघे, म्हणजे शंभरातले 25 च तुझे. तेव्हाच रेझ करायचे! समोर एकटाच असता तर निम्मे पैसे तुझे गेले असते. आणि चौथे पान कोरडे गेल्यावर बदाम पाचात एकदाच पडतो; तिथे जोर करून काय उपयोग?"

मग त्याने सांगितले, की 2015 साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी दोघांत खेळायच्या लिमिट होल्डेमचा संगणकाकडून जवळजवळ पूर्ण उलगडा करून घेतला. पहिली पाळी आली की तो संगणक पाने टाकून देतो, नाहीतर वाढवतो. नुसता कॉल जवळजवळ कधीच करीत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. 2019 साली आमच्या महाविद्यालयात मराठी विशेषचा वर्ग बंद करण्याची गोष्ट निघाली, तेव्हा वर्गात 19 मुले होती आणि तीन सहकारी माझ्या बाजूचे होते. मी सभेत मान डोलावून "बघू या" म्हणालो. दर वर्षी तेच म्हणालो. 2023 साली मुले पाच उरली, सहकारी पांगले, आणि मग मी टेबलावर हात आपटून भाषण केले. भाषण फार उत्तम झाले, असे सारेच म्हणाले. वर्ग बंद झाला.

परवा फराळाच्या वेळी बारावीतली कन्या म्हणाली, "बाबा, मी पुढे मराठीच घेणार." आजी खूश झाली, सौ. विचारात पडली. "बघू या" माझ्या ओठांवर आलेच होते. ते गिळून मी म्हणालो, "घे! ज्या महाविद्यालयात वर्ग चालू आहे, तिथे पुढच्या आठवड्यातच जाऊन येऊ."

"अहो, प्रवेश जूनमध्ये!" सौ. म्हणाली. "अमेरिकेहून आल्यापासून फारच धीट झालात!"

धीट कसला? पान अजून पडायचे होते, आणि आजी माझ्या बाजूने होती, एवढेच.