किमान आणि तब्बल

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964 अमलात आल्यानंतरच्या वर्षांत मी सरकारी भाषांतराच्या कामात उमेदवारी करीत होतो. त्या काळी कायद्यातील अवजड संज्ञांपेक्षा इंग्रजीतील साध्या तुलनावाचक शब्दांपाशीच लेखणी अधिक वेळा थबकत असे. कारण संज्ञेचा अर्थ कोशात सापडतो, परंतु ‘नॉट लेस दॅन’ आणि ‘नो लेस दॅन’ यांतील अंतर वाक्याचा हेतू ओळखल्यावाचून हाती लागत नाही.

राज्यघटनेचा 170वा अनुच्छेद घ्यावा. राज्याच्या विधानसभेत ‘नॉट मोअर दॅन’ 500 आणि ‘नॉट लेस दॅन’ 60 सदस्य असावेत, असे तो सांगतो. हे दोन्ही आकडे म्हणजे शेताच्या बांधावरचे हद्दीचे दगड. त्यांच्या लहानमोठेपणाविषयी घटनाकारांना काहीही सुचवावयाचे नाही, आणि म्हणूनच ‘कमाल’ व ‘किमान’ या दोन शब्दांत त्या तरतुदीचा आशय बिनचूक उतरतो.

पुढे एका दुष्काळी तालुक्याचा अहवाल माझ्याकडे आला. ‘नो लेस दॅन’ 40 गावांतील पाणी आटले असून वापरण्याजोग्या विहिरी ‘नो मोअर दॅन’ चार उरल्या आहेत, असा त्यातील मजकूर होता. आमच्या वरिष्ठांनी दोन्ही ठिकाणी तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली आणि ते म्हणाले, “वाक्य हद्द घालून देते आहे की कळकळ बोलून दाखवते आहे, एवढे आधी पाहा, मग लिहा.” मी लिहिले : तब्बल 40 गावे, अवघ्या चार विहिरी. तेथे ‘किमान 40’ लिहिले असते, तर गावोगाव फिरून केलेल्या मोजणीला अंदाजाचे रूप आले असते. आणि नुसता आकडा ठेवला असता, तर तो अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची व्यथा दप्तरातच विरून गेली असती.

हाच ‘नो लेस’ आकड्याऐवजी व्यक्तीला लागला, की मराठीत ‘खुद्द’ पुढे येतो : समारंभाला खुद्द राज्यपाल उपस्थित होते.

इंग्रजी जे काम एका लहानशा नकाराच्या फेरफाराने साधते, त्यासाठी मराठीने किमान, कमाल, तब्बल, अवघे, खुद्द असे स्वतंत्र शब्द कधीचेच घडवून ठेवले आहेत. ज्या नागरिकाचा हक्क किंवा अनुदान एखाद्या आकड्यावर अवलंबून असते, त्याला कायदा स्वभाषेत निःसंदिग्ध कळावा, एवढ्याचसाठी ही संपत्ती विचारपूर्वक खर्च करणे हे भाषांतरकाराचे आद्य कर्तव्य आहे, असे मी मानतो.