मृग लागायच्या आत

चंद्रपूर
जूनचा पहिला आठवडा

चि. बाईस,


तुझी बोलेरो सकाळी सेल घेत नाही, दवाखान्यातल्या पोरांना धक्का मारावा लागतो आणि तिथल्या मिस्त्रीने ‘अल्टरनेटर गेला, नवीन टाका’ असं सांगितलं, हे सगळं ताईकडून कळलं. अल्टरनेटर मी स्वतः बदलू का, असं तू विचारलंस. बदल, नक्की बदल. तुझी आई म्हणते, गाडी ट्रकवर टाकून इकडे आणा. मी तिला म्हटलं, आज आणशील, पण पर्लकोटा नदीला पूर आल्यावर काय करशील? भामरागडच्या बाजूला नोकरी करणाऱ्याच्या हातात हे काम असायलाच हवं. फोनवर तुझी रेंज मधेच जाते, म्हणून कागदावर लिहितोय. काम करताना हा कागद जवळ ठेव.

पाना हातात घ्यायच्या आधी अल्टरनेटर खरंच गेलाय का, ते बघ. आमच्या एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ‘चार्जिंग नाही’ म्हणून आलेल्या गाड्यांत कितीदा तरी दोष बेल्टचा नाहीतर तारेचा निघायचा. तू डॉक्टर आहेस. तपासल्याशिवाय पोट उघडायचं नाही, हे मी तुला काय सांगायचं.

मल्टिमीटर घे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं, तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धीच. आता गाडी सुरू करून थोडी रेस दे. आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आला तर अल्टरनेटर आपलं काम करतोय, बॅटरीच म्हातारी झालीय. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४६-४७ वर जातो, त्या उष्णतेत बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. आकडा १२ च्या घरातच राहून खाली खाली जात असेल, तर चार्जिंग नाही. १५ च्या वर जात असेल, तर व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी उकळतेय. तिचं पाणी सारखं आटत असणार.

चार्जिंग नाही असं दिसलं, तरी लगेच निकाल देऊ नकोस. अल्टरनेटरच्या मागे एक जाड तार नटाने कसलेली असते. गाडी सुरू असताना तिथे १४ आणि बॅटरीवर १२.५ मिळाले, तर दोष मधल्या तारेत आहे किंवा गंजलेल्या टर्मिनलमध्ये. ते घासून, कसून बघ. मग बेल्ट बघ. ढिला बेल्ट सकाळी किंवा पावसात चीं चीं करतो, आणि कडेनं चिरा पडलेला किंवा आतून चकचकीत झालेला बेल्ट घसरतो. शेवटी डॅशबोर्डवरचा लाल दिवा. किल्ली फिरवल्यावर तो पेटायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. मुळात पेटतच नसेल, तर बल्ब उडालाय का ते बघ. जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा पहिला करंट त्या बल्बातूनच जातो. एवढासा बल्ब गेला म्हणून चांगला अल्टरनेटर भंगारात गेलेला मी पाहिलाय.

आणि एक गोष्ट तुझ्यासमोर कोणालाही करू देऊ नकोस. इंजिन सुरू असताना बॅटरीचं टर्मिनल उपसून ‘बघा, गाडी बंद पडते का’ अशी परीक्षा घेणारे लोक अजून आहेत. ही डायनामोच्या काळातली सवय. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणात उसळतं आणि अल्टरनेटरमधले डायोड जळतात. याची मला फार चीड आहे, कारण शिकलेले लोकही हे करतात.

डायनामो म्हणजे काय, तेही सांगतो. आधीच्या गाड्यांत डायनामोच असायचा. तो मंद गतीवर जवळपास काहीच द्यायचा नाही. खड्ड्यांतून रांगणाऱ्या गाडीचे दिवे पिवळे पडायचे. अल्टरनेटरमध्ये चुंबक आत फिरतं आणि वीज बाहेरच्या स्थिर वेटोळ्यांत तयार होते. ती असते एसी. बॅटरीला डीसी लागते, म्हणून सिलिकॉन डायोड हवेत. ते स्वस्त आणि टिकाऊ झाले तेव्हा क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसवला आणि हळूहळू सगळ्यांनीच तो उचलला. आपल्या ऊर्जानगरच्या वीज केंद्रात २९२० मेगावॅटपर्यंत वीज तयार होऊ शकते, तिथेही चुंबकच फिरतं. तुझ्या गाडीतल्या आणि त्या केंद्रातल्या यंत्राचं तत्त्व एकच, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आता हे काम पावसाआधी उरकायची घाई का, ते. आलापल्लीहून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर, मधे जंगल. पाऊस लागला की पर्लकोटा पुलावर चढते आणि भामरागडचा रस्ता तुटतो, हे तू तिथे राहून माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. रात्री बाळंतीण घेऊन निघालीस, तर दोन हेडलाइट, वायपर, पंखा मिळून पंधरा-वीस अँपिअर सहज खेचतात. चार्जिंग नसेल तर सत्तर अँपिअर-तासांची नवी बॅटरी कागदावर तीन-चार तास पुरेल, तुझी जुनी त्याच्या निम्मीही नाही. तुझी गाडी कॉमन रेलच्या आधीची, डिझेल पंप यांत्रिक. म्हणून दिवसा असं झालं आणि बेल्ट शाबूत असेल, तर दिवे, पंखा, टेप सगळं बंद करून, इंजिन न थांबवता ती आलापल्लीपर्यंत येईल. रात्री दिव्याशिवाय मात्र निघायचं नाही. अस्वल आडवं येणाऱ्या रस्त्यावर तो धोका घेऊ नकोस.

तपासून खरंच अल्टरनेटरच निघाला, तर आधी पार्ट जुळव. जुन्याची पुली, तिच्या खाचा, कानांची भोकं, प्लग आणि अँपिअर यांचे फोटो मला पाठव. जुना फेकू नकोस. पुष्कळदा आतले कार्बन ब्रश झिजलेले किंवा बेअरिंग गेलेलं असतं. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तो भरून घेऊ आणि तुझ्या गाडीत स्पेअर ठेवू.

बदलताना इंजिन पूर्ण गार होऊ दे आणि सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढ. हे विसरलीस तर जाड तारेवरचा पाना बॉडीला टेकताच ठिणगी उडेल, पानाच वितळेल. तारांचा फोटो काढ, मग त्या सोड. ताण देणारा बोल्ट ढिला करून अल्टरनेटर इंजिनकडे ढकल, बेल्ट उतरेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या डिझेल बोलेरोत अल्टरनेटरच्या पाठीवर एक व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. पेट्रोल इंजिनाच्या शोषणातून ब्रेकच्या बूस्टरला निर्वात मिळतो, डिझेलमध्ये तो तसा मिळत नाही. म्हणून हा पंप. म्हणजे तू नुसती वीज बदलत नाहीस, ब्रेकही उघडतेस. त्या पंपाला तीन नळ्या असतात: एक बूस्टरकडे जाणारा रबरी पाइप, एक इंजिनातून ऑइल आणणारी बारीक नळी आणि एक ऑइल परत नेणारी. खाली ट्रे ठेव. बारीक नळीच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वायसर असतात, ते नवेच टाक. जुने पुन्हा लावले तर ऑइल पाझरेल. रबरी पाइप कडक झाला असेल, चिरला असेल, तर तोही बदल. नव्या पंपात बसवायच्या आधी थोडं स्वच्छ इंजिन ऑइल ओत, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत तो कोरडा घासणार नाही.

मग खालचा लांब बोल्ट काढून अल्टरनेटर बाहेर घे. पंपासकट तो चांगलाच जड असतो, एकटी उचलू नकोस, कोणाला तरी खालून हात लावायला सांग. नवा बसवताना बोल्ट आधी सगळे हातानं लाव, मग कस. बेल्टच्या दोन पुल्यांमधल्या लांब भागावर अंगठ्यानं दाब. साधारण एक सेंटिमीटर खाली जायला हवा. ढिला राहिला तर घसरेल, फार ताणलास तर बेअरिंग खाईल. नवा बेल्ट बसतो तसा थोडा सैल होतो, म्हणून काही दिवसांनी पुन्हा बघ. निगेटिव्ह तार सर्वांत शेवटी.

गाडी हलवायच्या आधी ब्रेकची परीक्षा. इंजिन बंद असताना पॅडल चार-पाचदा दाब, तो दगडासारखा होईल. पाय तसाच दाबून धर आणि सेल मार. इंजिन सुरू होताच पॅडल पायाखाली थोडा खाली गेला पाहिजे. गेला नाही, तर व्हॅक्यूम येत नाही. गाडी जागेवरून हलवायची नाही, पाइप तपासायचा. मग लाल दिवा विझला का बघ, मीटरवर चौदा दिसू दे, नळ्यांखाली ऑइलचा थेंब नाही ना ते बघ आणि डिपस्टिक काढून पातळी पाहून घे.

पुढे कधीही चालत्या गाडीत लाल दिवा लागला, तर नुसती बॅटरीची गोष्ट समजू नकोस. बेल्ट तुटला असेल तर पंप थांबतो, थोड्याच वेळात ब्रेक जड होतो, आणि बहुतेक त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही असतो, म्हणजे इंजिन तापतं. ताबडतोब बाजूला घेऊन आधी बेल्ट बघायचा. म्हणून एक जादा बेल्ट, १० ते १७ नंबरचे पाने, तांब्याचे वायसर, फ्यूज आणि मल्टिमीटर एवढं सीटखाली कायम असू दे.

फोटो उद्याच पाठव. पार्ट इथे मिळाला की अहेरीच्या बसमध्ये कंडक्टरकडे देतो, तिथून तुझ्या दवाखान्याच्या गाडीनं मागवून घे. ताईला मी सांगून ठेवलंय, ती तुला रागावणार नाही.

तुझा,
मामा